मधली जागा

आपल्या सेनाकोपे गावचे प्रमुख आणि आजचे अध्यक्ष टोग्बे अक्लासू, व्यासपीठावरचे पाहुणे, दवाखान्याची मंडळी, मासळीच्या पाट्या झाकून आलेल्या माझ्या आत्या-मावश्या, आणि ज्यांना आज निरोप द्यायचा त्या व्यायाम-उपचारवाल्या याय्रा मॅडम, सर्वांना सेलोर्मचा नमस्कार.

माझी शाळा अर्धीच झाली. बाकीचं टोमॅटोच्या ट्रकवर बसून सीमेपलीकडच्या लोमे शहरापर्यंत हिंडताना शिकलो. तिथे एक बाई असे मासे तळते की... असो, जेवण अजून यायचंय.

आपल्याकडे गाव सोडून जाणाऱ्याला खाजणापलीकडे होडीने पोचवतात, आणि होडी ढकलायची काठी उभ्यानेच मारतात. बसून मारली तर जाणाऱ्याचा अपमान. गेल्या धुळीच्या मोसमात मी त्या काठीसकट पाण्यात गेलो. पोहून वर आलो खरा, पण नंतर कोरडी जमीनही होडीसारखी डोलू लागली. छाती धडधडायची, घाम फुटायचा. आक्राच्या मोठ्या इस्पितळात जाऊन कान तपासले, डोकं तपासलं. सगळं ठीक. मग तुम्ही काय केलंत? माया केलीत. होडीत मला मधल्या जागी बसवायचं, बाजारातही दोघांनी दंड धरून न्यायचं. डोत्सेमामा तर म्हणायचा, "नवरीसारखं मिरवतोय रे तुला. फक्त नवरी एवढी थरथरत नाही."

याय्रा मॅडमनी पहिल्याच दिवशी, माझा हात धरून आलेल्या आत्याला विचारलं, "हा हात कोणाचा?"

"याचाच की."

"मग त्याला परत द्या."

मला म्हणाल्या, "तोल जातो म्हणून तू घाबरतोस. घाबरलास की अंग ताठतं, म्हणून तोल आणखी जातो. दोन्ही खरं आहे. तू सोंग करत नाहीयेस." इतक्या महिन्यांत हे मला कोणी सांगितलं होतं का?

मग त्यांनी ओल्या वाळूत एका पायावर उभं केलं आणि मान वळवायला लावली. मी पडलो.

"पुन्हा."

"मॅडम, आधी भीती जाऊ दे, मग उभा राहतो."

"ती घेऊनच उभा राहा. ती काही भाडं मागत नाही."

किती वाळू खाल्ली विचारू नका. पण कधीतरी मान वळवली आणि पलीकडचा काठ जागच्या जागी दिसला. मागच्या आठवड्यात रिकाम्या होडीत उभा राहिलो. माणूस बसवून अजून नाही.

आज सकाळी मामा म्हणाला, "तू मध्ये बस, काठी मी मारतो." त्याच्या मायेबद्दल शंका नाही. पण मामा, तिथे दाराशी काठी घेऊन बसला आहेस ना, ती इकडे दे. हो, छाती आत्ताही धडधडतेय, माईकमधून ऐकू येत असेल. धडधडू दे.

ज्यांनी स्वयंपाक केला, खुर्च्या मांडल्या, माझं भरकटणं ऐकून घेतलं, त्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. होडी डगमगली तर मात्र कोणी पाण्यात उतरायचं नाही.

मॅडम, मधली जागा आज तुमची. चला.