पडणारा ब्रेकर

पनवेल एसटी स्टँडवर उरणच्या बसच्या रांगेत माझ्या पुढची बाई तिच्या पुढच्या तरुणाला म्हणाली,

"तुमी कळंबोलीच्या लोखंडाच्या गोदामातले सुशांत वायरमन ना? मी भामा. क्रेनवाल्या रामूची बायको."

"अरे, काकू! काका कसे आहेत?"

"जेवतात, भांडतात. तुमच्यामुळं."

"माझं काय त्यात? करंट गळला, ब्रेकर पडला, लाईट बंद झाली."

"तो रोजच पडायचा. काम अडायचं म्हणून हे तुमाला शिव्या घालायचे. शेठ तर म्हनायचे, ते गळतीचं सेटिंगच बंद कर. तुमी ऐकलं नाय."

"गळती कुठे आहे, तेच सापडत नव्हतं."

"क्रेनच्या सोललेल्या वायरीत होती. ह्यांनी साखळी धरली, झटका बसला, आनि तेवढ्यात ब्रेकरनं लाईट तोडली. नायतर मी आज कुनाशी भांडले असते?"

"काकू, खरं सांगू? त्या दिवशी मीही वैतागलो होतो. जेवून आलो की ते सेटिंग बंदच करणार होतो."

"पन केलं नाय ना?"

"नाही. जेवणाचा डबा उघडला आणि आरडाओरडा ऐकू आला."

"मग देवानंच तुमाला वेळेवर भूक लावली. रविवारी जासईला या आमच्याकडं जेवायला."

"येतो."

"एकटे नाय. आईला घेऊन या. असा पोरगा वाढवणारी आई मला बघायचीय."