बिनखांबाचं स्टेडियम

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही जरा बाहेर जाऊन काहीतरी खाऊन या!" अहो, म्हणजे काय? तिकिटं काढली मी, रांगेत उभा राहिलो मी, सासऱ्यांना हाताला धरून एवढे जिने चढवले मी, आणि माझी खुर्ची अजून गरमसुद्धा झाली नव्हती, तर मेहुणा कानाशी लागतो, "दाजी, भूक लागली असेल ना?" मी काय केलं होतं? मी नुसतं बघत होतो!

तुम्हाला सांगतो, माझ्या सासरी माझ्याबद्दल एक समज आहे. मी बघितलं की आपली टीम हरते. जावई म्हणून तोंडावर पनवती म्हणत नाहीत, "तुमची नजर जरा जड आहे" म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा हौसेनं मला मैदानावर नेलं, मी कौतुकानं आपल्या गोलकीपरकडे बघितलं, आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून आत! तेव्हापासून हे सुरू. आता मी विमा कंपनीत, आग लागली, गाडी ठोकली की जाऊन नुकसान बघायचं हेच माझं काम. मी पोचतो तेव्हा सगळं मोडलेलंच असतं, पण मी मोडलेलं नसतं हो! हे सासऱ्यांना कोण सांगणार?

जुन्या स्टेडियमात निदान खांब होते. छपराला टेकू द्यायला चांगले जाडजूड खांब, आणि त्यातल्या एकामागची खुर्ची सासऱ्यांनी माझ्यासाठी कायमची ठरवून टाकलेली. "जावईबापू, तुम्ही इथं सावलीत बसा." संध्याकाळी कसली आलीय सावली? इतकी वर्षं फुटबॉल बघायला जाऊन मी खांब बघितलाय! त्याचा रंग कुठं उडालाय, कुणी कुणाचं नाव कोरलंय, सगळं तोंडपाठ. पण आपल्या टीमचा गोल, एक तरी गोल जाळ्यात जाताना ह्या डोळ्यांनी बघितला असेल तर शपथ. आरडाओरडा झाला की मीही उठून टाळ्या वाजवायचो... खांबाला!

मग जुनं पाडलं, नवं बांधलं आणि पेपरात आलं, नव्या स्टेडियमात एकही खांब नाही, कुठल्याही खुर्चीवरून सगळं मैदान दिसणार. म्हटलं, सुटलो! घरात मात्र सगळ्यांची तोंडं पडली. ह्यांना आता बसवायचं कुठं? त्यात सासऱ्यांचे गुडघे गेलेले, डॉक्टर म्हणाले जिने बंद. तर हे म्हणतात, "नव्या मैदानात एकदा जिंकलेलं बघू द्या, मग कायमचा घरी बसतो." आता बोला! त्यांना बघायचा विजय, मला बघायचा एक गोल, आणि घरच्यांच्या मते दोन्ही एकदम होणं अशक्य.

स्टेडियम झकास आहे, खोटं कशाला बोलू. सरकते जिने (नेमके आमच्या बाजूचे बंद!), उठलं की फटकन मिटणाऱ्या खुर्च्या, आरशासारख्या फरश्या. पण खाण्याचे भाव! पावात कसलासा तुकडा घालून ती काउंटरवरची मुलगी किंमत सांगते, मी विचारलं, "ताई, ह्यात खुर्ची पण येते का घरी न्यायला?" हसलीसुद्धा नाही. रिकाम्या हातानं येऊन बसलो, मान वर केली, बघितलं... आणि गोल! त्यांचा! सासऱ्यांनी डोळे मिटले. आणि आमची ही, जन्मोजन्मीची सोबतीण, काय म्हणाली? "अहो, जा ना. बाबांकडे बघून तरी जा." मी काय केलं? मी नुसतं बघत होतो!

गेलो. दरवाज्यावरच्या माणसानं हातावर शिक्का मारला, परत आलात तर सोडतो म्हणाला. मागच्या गल्लीत शिरलो तर सायकलवाला बंद, लाँड्री बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि कोपऱ्यावरची खानावळ मात्र खचाखच! सगळे स्टेडियमकडे पाठ करून मुकाट्यानं जेवतायत. मालक पळी हातात घेऊन समोर आला, म्हणाला, "कुणी पाठवलं?"

मी म्हटलं, "मेहुण्यानं."

"बसा, त्या खांबामागं जागा आहे. ह्या आजींना नातवानं पाठवलंय, ह्या मास्तरांना बायकोनं, आणि ते कोपऱ्यातले साहेब क्लबचे खजिनदार, त्यांना खुद्द अध्यक्षांनी!"

अहो, सगळे माझेच भाऊबंद की! भिंतीवर टीव्ही, त्यावर चादर. मी म्हटलं, "लावा की जरा." तर मालक असा दचकला! "डोकं ठिकाणावर आहे का? आपण सगळ्यांनी एकदम बघितलं तर स्टेडियम कोसळेल!"

पण जेवण, काय सांगू! ताटभर वाफाळता भात, वर रस्सा, उकडलेलं अंडं, आणि स्टेडियमातल्या एका चहाच्या पैशात पोटभर. शिवाय नियम असा, आपला गोल झाला की रस्सा फुकट. तेवढ्यात बाहेर दणदणाट झाला. इथं कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही, मालक नुसता पळी घेऊन ताटाताटांतून फिरला. आजी डोळे पुसत म्हणाल्या, "बरोबरी झाली गं बाई!" आणि मला भरून आलं, खरंच. म्हटलं, हा गोलसुद्धा कानांनीच बघितला की रे आपण!

मग राहवेना. शेवटची थोडी मिनिटं उरली असतील, अर्धं ताट तसंच टाकून उठलो. मालक ओरडला, "अहो, धरा त्यांना!" खजिनदारांनी माझा शर्ट धरला, "सभ्य माणसासारखे जेवा!" शर्ट सोडवला, पळालो, शिक्का दाखवला, धापा टाकत आमच्या रांगेपाशी पोचलो. बघतो तर सासरे उभे. गुडघे लटलटतायत, हात जोडलेले. आणि माझे पायच थबकले हो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, अजिबात नाही... पण समजा, मी बघितलं आणि सामना गेला? म्हाताऱ्याला काय तोंड दाखवू?

वळलो. मैदानाकडे पाठ. सगळं स्टेडियम तिकडे बघतंय आणि मी एकटा सासऱ्यांकडे. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं, मग ते सगळं सुरकुतलेलं तोंड असं उजळलं, आणि माझ्या पाठीमागं आभाळ फाटल्यासारखी आरोळी उठली. गोल! आणि सासऱ्यांना मी दिसलो. "तुम्ही? इथं?"

मी ओरडलो, "बाबा, पाठ होती! मी काही केलं नाही, मी बघतच नव्हतो!"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मिठी मारली. शेवटची शिट्टी वाजली तसे आजूबाजूच्यांना सांगत सुटले, "हे आमचे जावई! ह्यांच्यामुळे जिंकलो!" मी पण रडलो, आमची ही पण रडली. आणि डोळे पुसता पुसता सासरे म्हणाले, "आता घरी कसला बसतोय! सगळ्यांचे वर्षभराचे पास काढा!"

काढले ना. मेहुण्यानं दुसऱ्याच दिवशी काढले. मी विचारलं, "माझा?" तर म्हणाला, "तुमचा सगळ्यात आधी, दाजी!" काढलाय खरा... खानावळीचा. वर्षभराचं जेवण, जागा राखीव, खांबामागची. चला, उठतो. सामना सुरू व्हायची वेळ झाली. भूक अजिबात नाही, पण टीमसाठी खायलाच हवं.