सहा महिन्यांचे डॉलर

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली सुलक्षणा डॉलर घ्यायला जळगावच्या चलन बदलून देणाऱ्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे अमळनेरकडचं एक वयस्कर जोडपं होतं, नुकतंच अमेरिकेहून परतलेलं.

"आबा, सगळे डॉलर मोडायचे?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"बठ्ठा मोडा."

"पाकीट माले परत द्या, भाऊ. त्यावर सुननी लिखेल शे," डॉलरच्या रिकाम्या पाकिटाकडे बोट करत म्हातारी म्हणाली.

"काय लिहिलंय, अक्का?"

"बाळ सांभाळल्याचे, सहा महिने."

"वच्छला, लोके ऐकी राहिनात."

"ऐकू द्या. नातू मना मांडीवर झोपे, तो वखत बी मोजेल शे."

"पैसा दिनात ना त्यासनी?"

"दिनात. आपला जेवणना कापीसन दिनात."

"चूप बस."

"आपला पोऱ्या काय बोलना? विमानतळवर पाकीट तेनीच दिनं ना?"

आबांनी नोटा खिशात घातल्या. "तो बोलना, मोजी ल्या."

दोघं पायऱ्या उतरून गेली. सुलक्षणाचा नंबर आला.

"बोला ताई, किती डॉलर देऊ?"

"परतीचं तिकीट माझं मलाच काढायची वेळ आली," तिने विचारलं, "तर किती लागतील?"