भिंतीवरची उघडी खिडकी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज सायंकाळी सहा वाजता निवृत्त होणारे आपले इंजिनिअरसाहेब, आणि रस्त्याच्या अलीकडच्या माझ्या शेजाऱ्यांनो,

पलीकडचे शेजारी आलेले नाहीत. का, ते साहेबांना ठाऊक आहे.

मी शिवणकाम करणारी बाई. साहेबांबद्दल चार शब्द गोड बोल, म्हणून मला उभं केलंय. बोलते की. खड्ड्यांत गेलेला महामार्ग साहेबांनी वर काढला, हे कोण नाकारेल? सोबत आमच्या वस्त्याही सुधारल्या. बाकं आली, दिवे आले आणि आवाज अडवायला दोन्हीकडे उंच भिंती आल्या. पूर्वी सिग्नल लागला की चाळीस पावलांत पलीकडे जायचो. आता तीन किलोमीटरचा वळसा. तब्येतीला चांगलंच ना ते?

आम्ही म्हटलं, साहेब, खालून एक वाट काढा. साहेब म्हणाले, "बाई, बघू." पुन्हा गेलो. निदान पलीकडचं दिसू तरी द्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. साहेबांनी चित्रकार बोलावून पलीकडची अख्खी वस्ती आमच्या भिंतीवर रंगवून दिली. सुरेख काम. माझ्या ताईचं घरही त्यात आहे, खिडकी उघडी, शेजारी कुंडी.

ताई एकटी राहते. सकाळी ती खिडकी उघडायची आणि मी मशीनवरून बघायची. उघडली नाही की हातातलं टाकून निघायची. एवढीच आमची व्यवस्था, तिला ना निविदा लागली ना मंजुरी.

गेल्या महिन्यात ताई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दूधवाल्याने दार तोडलं, तोवर ती ओल्या फरशीवरच होती. तिची खिडकी बंद होती. भिंतीवरची मात्र उघडीच होती, मी सकाळी पाहिली होती. साहेब, मला तुमचा राग आहे. तो गुच्छाआड लपवायला मला जमत नाही.

ही भुयारी वाटेची मागणी. दोन्हीकडच्या सह्या आहेत. पलीकडच्या मी स्वतः वळसा घालून आणल्या. आता पावणेपाच झालेत. सव्वा तास तुमची सही चालते. पेन देते.

आयोजकांची आभारी आहे, मला बोलू दिलंत. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. साहेबांना माफ करायचं की नाही, ते मात्र मी ताईला विचारून कळवते. जाऊन यायला वेळ लागेल.