दर पाच मिनिटांनी

नाही नाही, बोलू नका — तोंडात कापूस आहे, दाबून धरा, डॉक्टर बोलावतील परत — नुसत्या भुवया उंचावल्यात तरी कळतंय मला. तो पडदा ना? खाली निवडणूक, क्रिकेट, आणि सगळ्यात वर 'गुलाबाला कीड लागली'? हसू नका, कापूस पडेल!

पडदा मीच बसवलाय. दिवसभर काउंटरवर बसून दुसऱ्यांच्या दाढा तरी किती मोजायच्या? बातम्यांच्या साइटची एक फीड असते — मथळा, दुवा, तारीख, बास. ती वाचायला जावास्क्रिप्टची एवढीशी लायब्ररी मिळते — म्हणजे आयता लिहिलेला कोड — फुकट. पत्ता द्या, मथळे सोलून हातात ठेवते. मोठं वर्तमानपत्र असो की कुणाचा ब्लॉग, तिला काही देणंघेणं नाही — गुणी पोर! आणि कुणाच्या साइटवर गेलं की नाव सांगायचं, त्यांच्या नोंदवहीत ते उमटतं, ही या कामातली रीत — मीही इमानदारीत लिहिलंय, 'दातांचा दवाखाना, काउंटर'. फक्त तारीखच नसली, की माझा कोड ती बातमी आत्ताचीच धरतो. म्हणून गुलाब कायम वर. दुरुस्ती? एका ओळीचं काम हो. नाही केलं. राहिलं.

ब्लॉग कुणाचा? असेल कुणाचा तरी — बहिणीचा. सख्ख्या, थोरल्या. असं बघू नका! बाबांच्या स्कूटरवरून वाजलं आमचं — तिला हवी, मला हवी, शेवटी गेली भंगारात, आणि तेव्हापासून अबोला. तारीख घालायचा ताईला पहिल्यापासून कंटाळा, वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा. पडदा दर पाच मिनिटांनी तिच्या ब्लॉगवर डोकावतो, नवीन काही लिहिलंय का बघतो, परत येतो. मी नाही हं जात, पडदा जातो! मला काय पडलंय? म्हणजे — गुलाब वाचला की नाही, एवढं तरी लिहावं माणसानं. जीव टांगणीला लागतो. फोन? तिने करावा ना आधी, ती मोठी आहे. हात काय जोडताय?

काय? वर बघू? बदललं? थांबा, चष्मा — 'गुलाब वाचला. आणि दातांच्या दवाखान्यातून दर पाच मिनिटांनी दार वाजवून पळणाऱ्या कार्टे, फोन कर.'

...

अगं बाई. नाव. नाव सांगूनच जात होता की तो मेला पडदा!

उठा. डॉक्टर बोलावतायत. नाही बोलावत? तरी उठा, त्या खिडकीपाशी जाऊन बसा, आणि ऐकू नका. मला फोन करायचाय.