कुलूप लावलेल्या वर्गाचे मूल्यमापन

सन्माननीय अध्यक्ष दादासाहेब मुंगसे, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, जिला निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ती या वर्गाची समन्वयक स्वरूपा, चिंचवड-सांगवीहून आलेले तरुण स्वयंसेवक, आणि समोर बसलेल्या या वस्तीतील माता-भगिनींनो,

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जे मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, हा माझा रिवाज. बहुधा म्हणूनच विश्वस्तांनी गेल्या वर्षी या संध्याकाळच्या वर्गाचे मूल्यमापन माझ्याकडे सोपवले. प्रश्न सरळ होता. कॉलेजची मुले इतक्या लांब चाकणपर्यंत येऊन शिकवतात, त्याचा उपयोग होतो का? होत नसेल, तर वर्ग बंद. आणि उत्तर जवळजवळ ठरल्यासारखेच होते, कारण महिन्यातला निम्मा काळ हजेरी कोरी होती.

एका संध्याकाळी मी न कळवता आलो. याच समाजमंदिराला कुलूप होते. ते निरखत उभा राहिलो, तेव्हा समोरच्या ओट्यावर मेथी निवडणाऱ्या शालनबाई, ज्या आत्ता दुसऱ्या रांगेत बसून हसत आहेत, त्या म्हणाल्या, “सायेब, कुलपाला इचारून काय व्हणार? मला इचारा.”

“आज वर्ग नाही का?”

“न्हाई. फस्ट शिफ्टचा आठवडा हाय.”

“शिफ्टचा आणि वर्गाचा काय संबंध?”

“आत्ता! आया घरी हायत की. सोमवारी बाया सेकंडला जात्याल, तवा या.”

पाहुण्यांसाठी सांगतो. इथल्या बहुतेक माता एकाच कंपनीत, एकाच बसने जातात. एक आठवडा सकाळची पाळी, पुढचा आठवडा दुपारची. दुपारच्या पाळीत त्या परततात तेव्हा मुले झोपलेली असतात. स्वरूपाला मी फोनवर जरा कडक आवाजातच जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, “सर, आई घरी असेल त्या संध्याकाळी मुलांना आमची काय गरज? तो वेळ तिचा आहे.”

विशीतल्या मुलांना हे कुणी शिकवले असेल? सेवा करायला निघालेल्या माणसाला, आपण कुठे नको आहोत हे कळणे किती कठीण असते!

सोमवारी पुन्हा आलो. बसायला जागा नव्हती. पाढे संपले, डबे उघडले, आणि करिष्मा नावाची स्वयंसेविका म्हणाली, “बसा सर. पण ठेचा जपून घ्या, मागच्या खेपेला आमचे निरंजनदादा रडले होते.” मी म्हणालो, मुलांच्या डब्यातले कसे घेऊ? तेव्हा एका चिमुरडीने मला समजावले, “ही भाकरी माझी, ही दादा-ताईंची. आई रोज एक जास्त करती.”

प्रत्येक डब्यात होती. कंपनीच्या बसची घाई असताना, चुलीपुढे उभी राहून कुणी आई परक्या घरच्या पोरासाठी आणखी एक भाकरी थापते. मंडळी, मी अनेक संस्थांचे अहवाल तपासले आहेत. उपयोगाचा इतका नि:संदिग्ध पुरावा माझ्यापुढे पूर्वी कधी आला नव्हता. तो मी खाल्लासुद्धा.

स्वरूपा आता नोकरीसाठी नाशिकला निघाली आहे. जाताना तिला एकच धास्ती होती, की तिच्या मागे कुणीतरी शिस्तीचा माणूस, म्हणजे माझ्यासारखाच, हा वर्ग रोज भरवायला लावील. बेटी, निश्चिंत जा. वर्ग चालू राहील आणि तो शिफ्टप्रमाणेच भरेल, असा ठराव विश्वस्तांनी काल केला. आजपासून किल्ली करिष्माकडे.

हा समारंभ खरे तर मागच्याच आठवड्यात व्हायचा होता. स्वरूपाने हट्टाने तो या आठवड्यात घ्यायला लावला. का, ते मला इथे उभे राहिल्यावर उमगले. समोर एकेक मूल आपल्या आईला टेकून बसले आहे. फर्स्ट शिफ्ट चालू आहे. आज वर्ग बंद आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मन:पूर्वक आभार. बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, किंवा माझ्या स्वभावाप्रमाणे काही जास्त काटेकोर झाले असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावे, ही विनंती. नमस्कार.