साखरपुड्यातली दोन मिनिटं

वर्षाराणी: सत्काराच्या फ्लेक्सवर माझा फोटो? मामा, मला विचारायचं तरी होतं. आणि हा कुठला काढलाय, डोळे मिटलेला!

आकाराम: साखरपुड्यातलाच हाय. दुसरा कुठनं आणायचा? तुम्ही नवऱ्या मुलाकडच्या, आम्ही नवरीकडचं. त्या दिवसाआधी तुमचं तोंड तरी बघितलं हुतं का आम्ही?

वर्षाराणी: आणि शेजारी तुमचा. फेटा बांधून! खाली काय लिहिलंय... ‘कु. अवंतिकाचे जीवनदाते’.

आकाराम: मंडळाच्या पोरांनी लिवलंय. मी न्हाय सांगितलं.

वर्षाराणी: नको म्हणून तरी सांगितलंत का?

आकाराम: च्या झ्याक झालाय तुमचा.

वर्षाराणी: अजून तोंडाला लावलाय कुठं तुम्ही?

आकाराम: लावतो की. वासानं कळतंय.

वर्षाराणी: तुमची नात कशी आहे, ते सांगा आधी. चार महिने झाले. मी फोन केला की तुमचा मुलगा ‘बरी आहे’ म्हणतो नि ठेवतो.

आकाराम: बरीच हाय. हिंडती, फिरती, भांडती. छातीत बारकं मशीन बसवलंय. ठोका चुकला तर आतल्या आत झटका देतंय म्हणं. डाक्टर म्हणाला, आबा, असं दवाखान्याच्या बाहेर काळीज बंद पडलेली पोरं लई थोडी घरी परत जात्यात. तुमची गेली.

वर्षाराणी: शाळा?

आकाराम: अर्धा दिस जाती. चौथीत हाय न्हवं. पयलं पाढं घडाघडा म्हणायची, आता सातच्या पाढ्यात अडकती. डावा हात जरा मागं पडतोय. बटण लावायला लागली की मी बाहीर जाऊन बसतो. माझ्याच्यानं बघवत न्हाय.

वर्षाराणी: होईल हो. लहान आहे. हळूहळू जमेल.

आकाराम: डाक्टरबी तेच म्हणतोय. वरीसभर येळ द्या, म्हणतोय.

वर्षाराणी: मग आज मुरगूडहून इतक्या लांब, भर उन्हात, नुसतं आमंत्रण द्यायला आलात? मंडळाची पोरं आली असती की गाडीवरनं.

आकाराम: आता पावण्यांकडं काम काढून यायचं व्हय? सहज आलो.

वर्षाराणी: मामा, तुम्ही तिसऱ्यांदा त्या कपाकडं बघताय. बोला.

आकाराम: त्यो फोटोग्राफर, राजवीर. तुमच्या गल्लीतला न्हवं त्यो?

वर्षाराणी: माझ्या नणंदेचा दीर. त्याचं काय?

आकाराम: त्याचा कॅमेरा चालूच राहिलता म्हणं त्या दिवशी. हॉलमध्ये काय झालं ते सगळं आलंय त्यात. आता मंडळाची पोरं म्हणत्यात, सत्काराला मोठा पडदा लावू, गावाला दाखवू. तुमचं ऐकंल त्यो. म्हणावं, पुसून टाक.

वर्षाराणी: का?

आकाराम: लहान पोरीला तसं पडल्यालं गावानं कशाला बघायचं?

वर्षाराणी: हे खरं. पण तुम्ही त्यासाठी आला नाहीत. मी बघितलीय ती क्लिप, मामा.

आकाराम: सगळी?

वर्षाराणी: सगळी. पोरं खुर्च्यांभोवती पळापळी खेळत होती. अवंतिका पळता पळता एकदम खाली गेली. हात झटकले. तुम्ही ओरडलात, ‘फिट आली, कांदा आणा!’

आकाराम: झटकं देत हुती की! आमच्या चुलत्याला फिट यायची, तवा असंच हुयाचं. कांदा बुक्कीनं फोडला, नाकाला लावला. किल्ल्यांचा जुडगा मुठीत दिला. जलम गेला हेच बघत.

वर्षाराणी: कुणालाही तसंच वाटलं असतं. काळीज थांबतानाही पोर तशीच झटकते, हे मला तरी कुठं माहीत होतं? मी नुसतं नाकाशी गाल नेला. श्वास नव्हता. म्हणून छातीवर हात ठेवला.

आकाराम: आणि मी तुमचा दंड धरून वढलं. सांगा की पुढचं. ‘माझ्या नातीच्या उरावर बसतीस व्हय गं’ म्हणालो. अनोळखी बाई, पोरीचा जीव घेती का काय वाटलं मला.

वर्षाराणी: ते पण आलंय त्यात. आवाजासकट.

आकाराम: किती येळ गेला?

वर्षाराणी: पडल्यापासून मी परत बसेपर्यंत, दोन मिनिटांना थोडं कमी.

आकाराम: डाक्टरनं मला इचारलं हुतं. दाबायला कधी सुरवात केली? मी म्हटलं, लगीच. त्यानं लिवून घेतलं. लगीच!

वर्षाराणी: आता माझं ऐका. आमच्या सूतगिरणीत रबराच्या बाहुलीवर छाती दाबायला शिकवलं होतं. आम्ही बायका हसून हसून लोळत होतो. शिकवणारे म्हणाले, कुणी ओढलं तरी थांबायचं नाही, ओरडायचं. आणि मी थांबले, मामा. तुम्ही ओढलंत नि मी पदर सारखा करत उभी राहिले. का? तर नवरीकडचं वडीलधारं माणूस, भरल्या साखरपुड्यात तमाशा नको. त्या दोन मिनिटांतली माझी किती, ते मीही मोजून बसलेय. म्हणून नको मला सत्कार.

आकाराम: तुम्ही परत बसलासा की!

वर्षाराणी: आणि माझे हात गळाल्यावर कुणी दाबलं? मी आकडे मोजत होते नि तुम्ही दाबत होता. अॅम्ब्युलन्स येईस्तोवर. तेही आहे क्लिपमध्ये.

आकाराम: बरगडी मोडली माझ्या हातनं. कट्‌कन वाजली.

वर्षाराणी: मोडते. भरूनही येते. तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते? गाव हसेल त्याची?

आकाराम: गावाचं काय घिऊन बसलासा! माझी सून, संयोगिता. ती बघंल. त्या येळंला ती आतल्या खोलीत नवरीला नेसवत हुती, तिनं काय बघितलं न्हाय. तिचा धाकटा भाऊ विशीत झोपंतच गेलता. डाक्टर म्हणाला, ठोक्याचा ह्यो दोष घराण्यातनं येऊ शकतो, दोन्हीकडच्या माणसांना तपासू. तपासणी अजून व्हायची हाय. पण आमच्या घरात ठरून गेलं, तिच्या माहेरचं हाय म्हणून.

वर्षाराणी: कुणी ठरवलं?

आकाराम: मी. तिची आई, बाळाबाई, कुरुंदवाडवरनं दवाखान्यात आलती. सगळ्यांच्या देखत म्हटलं तिला, तुमच्याच रक्तानं माझ्या नातीचं वाटुळं केलं. म्हातारी गप उठून गेली. पुन्हा आमच्या उंबऱ्याला आली न्हाय. आणि सून... पोरगी पाढ्यात अडकली की ही आत जाऊन रडती. सगळं आपल्यामुळं झालं म्हणती.

वर्षाराणी: आणि तुम्ही ऐकून घेता?

आकाराम: ऐकतो.

वर्षाराणी: मामा, दोष तिच्या माहेरचा निघेल, नाहीतर तुमच्याही घरचा निघेल. त्यात कुणाचा गुन्हा नाही. पण पोरगी पडल्यावर काय झालं, ते आपल्या दोघांचं आहे. राजवीरला मी सांगते, क्लिप कुठं लावू नको. पोरीसाठी. तुमच्यासाठी नाही. तुम्ही फोन लावा.

आकाराम: आत्ता?

वर्षाराणी: घरी गेलात की परत बाहेर जाऊन बसाल.

(आकाराम फोन लावतो, स्पीकर चालू.)

संयोगिता: बोला मामंजी. पोचलासा का?

आकाराम: पोचलो. अवंती कुठं हाय?

संयोगिता: झोपलीया. का? आवाज असा का येतोय तुमचा?

आकाराम: संयोगिता, ऐक. मदी बोलू नगो, न्हायतर माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. त्या दिवशी वर्षाताई लगीच दाबाय बसल्या हुत्या. मी त्यांना वढून काढलं. मी कांदा हुंगवत बसलो. दोन मिनिटं गेली. डाक्टरला खोटं सांगितलं. तुलाबी. पोरीचा हात, तिचं पाढं, ते तुझ्या माहेरामुळं न्हाय. माझ्यामुळं असंल... हाईस न्हवं?

संयोगिता: हाय.

वर्षाराणी: ताई, मी वर्षाराणी. त्यांनी ओढलं, पण मीही थांबले होते.

संयोगिता: तुम्ही परत बसलात, ताई. तुमच्याशी माझं काही नाही. मामंजी, चार महिने मी माझ्या भावाला बोल लावतेय. मेलेल्या भावाला. रोज. तुम्हाला दिसत नव्हतं?

आकाराम: दिसत हुतं.

संयोगिता: डॉक्टरांना सांगायचं उद्या. खरं काय ते.

आकाराम: सांगतो. फ्लेक्सवरनं माझा फोटुबी काढाय लावतो.

संयोगिता: त्या फोटोचं मला काय करायचंय? माझ्या आईला भरल्या दवाखान्यात बोललासा. तिला सांगा हे.

आकाराम: आत्ता लावतो तिला फोन.

संयोगिता: बोललासा तेव्हा फोनवर बोललासा?

आकाराम: ...न्हाय.

संयोगिता: ठेवते. अवंती उठली.

वर्षाराणी: मामा. च्या निवला. दुसरा टाकते.

आकाराम: नगो. इथनं कुरुंदवाडची यष्टी कुठनं मिळती?